पाठ न पाहता घेतलेला गालिचा

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी २,९०० डॉलर मोजून एक गालिचा विकत घेतला. तो १९५७ च्या सुमारास अमेरिकेत तयार झालेला आहे, असे विक्रेत्याने सांगितले होते. प्रत्यक्षात तो फार तर चार-पाच वर्षांपूर्वीचा आणि भारतात तयार झालेला निघाला. त्या रकमेतले १,७०० डॉलर बुडाले ते बुडालेच. अमेरिकेत नव्याने घर मांडताना १९५० ते १९६५ या काळातल्या वस्तूंच्या मागे लागलेली मराठी कुटुंबे माझ्या ओळखीतच पाच-सहा आहेत, आणि त्यांपैकी दोघींनी गेल्या महिन्यात मला अशाच गालिच्यांचे फोटो पाठवून मत विचारले, म्हणून झाला प्रकार तपशिलाने लिहून ठेवत आहे.

आम्ही इंडियाना राज्यातील कोलंबस या जेमतेम पन्नास हजार वस्तीच्या गावात राहतो. कमिन्स या इंजिने बनवणाऱ्या कंपनीचे मुख्यालय इथेच असल्यामुळे पुण्याहून येणाऱ्या अभियंत्यांची इथे सतत ये-जा असते. माझे यजमानही त्यांपैकीच. गाव लहान असले तरी आधुनिक वास्तुकलेसाठी ते देशभर ओळखले जाते. एलिएल सारिनेन यांनी आखलेले १९४२ चे चर्च इथे आहे, आणि आम्ही मुलांना घेऊन ज्या वाचनालयात जातो ती आय. एम. पेई यांची १९६९ ची इमारत आहे. कंपनीचे त्या काळचे प्रमुख जे. अर्विन मिलर यांचे १९५७ साली पूर्ण झालेले घर आता तिकीट काढून पाहता येते. घराची आखणी एलिएल यांचे चिरंजीव ईरो सारिनेन यांची आणि आतली सजावट अलेक्झांडर जिरार्ड यांची. दिवाणखान्याच्या मधोमध जमिनीत उतरवलेली ती चौकोनी बैठक आणि तिच्यातल्या उशांचे रंग पाहिल्यापासून आमच्या भाड्याच्या घरातला करडा गालिचा मला सहन होईना. या नादाची सुरुवात तिथे झाली, आणि विक्रेत्याला मी ती जशीच्या तशी सांगितली, ही माझी पहिली चूक.

पुढचे समजण्यासाठी एक गोष्ट आधी सांगायला हवी. आपल्याकडे गालिचा म्हटला की पाठीमागच्या गाठी मोजायच्या, एवढे बहुतेकांना ऐकून माहीत असते. त्या काळच्या अमेरिकी गालिच्यांना हा नियम लावून काही हाती लागत नाही. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सचे व्हसॉस्के किंवा न्यूयॉर्कचे एडवर्ड फील्ड्स यांचे नामांकित गालिचे गाठी मारून विणलेले नसून टफ्टेड पद्धतीचे, म्हणजे ताणलेल्या कापडात सुईने लोकर ओवून तयार केलेले असत. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९४२ साली अमेरिकी चित्रकारांच्या गालिच्यांचे प्रदर्शन भरले होते, त्यात स्टुअर्ट डेव्हिस आणि आर्शिल गॉर्की यांची चित्रे व्हसॉस्के यांनी याच पद्धतीने लोकरीत उतरवली होती. टफ्टेड गालिच्याची लोकर निसटू नये म्हणून पाठीला लेटेक्स या रबरी चिकटद्रव्याचा थर देतात आणि त्यावर बहुधा आणखी एक कापड चिकटवतात. आज भदोही, पानिपत, जयपूर या भागांत हजारोंनी तयार होणारे टफ्टेड गालिचेही असेच केलेले असतात. म्हणजे नक्कल करणाऱ्याला इथे मूळ पद्धत बदलावीही लागत नाही; फक्त वय खोटे सांगावे लागते.

विक्रेता शेजारच्या राज्यातला होता आणि बोलायला अतिशय सभ्य होता. पहिल्या फोनवर त्याने काहीही विकायचा प्रयत्न केला नाही. मला काय आवडते, खोली केवढी आहे, प्रकाश कोणत्या बाजूने येतो, हे सगळे त्याने शांतपणे विचारून घेतले. मी मिलर यांच्या घराबद्दल भरभरून बोलले. चौथ्या दिवशी जाहिरातीसह त्याचा निरोप आला की मिशिगनमधल्या एका दिवंगत प्राध्यापकांच्या घरातील सामान विक्रीला निघाले असून त्यात आठ बाय दहा फुटांचा एक गालिचा निघाला आहे: हळदी पिवळा, विटकरी, मधूनमधून पांढऱ्या चमकदार रेघा, शंभर टक्के लोकर, साल सुमारे १९५७. मिलर यांच्या घराचे साल मीच त्याला सांगितले होते, हे माझ्या तेव्हा लक्षातही आले नाही. सोबत एका दिवाणखान्याचा कृष्णधवल फोटो होता, ज्यात जमिनीवर नक्षीचे काहीतरी अंथरलेले दिसत होते. कृष्णधवल फोटोत पिवळा काय आणि विटकरी काय! तरीही मला तो पुरावा वाटला.

गालिच्याचे चौदा फोटो आले, त्यांपैकी पाठीचा एकच, तोही लांबून घेतलेला. मात्र कोपऱ्यातल्या कापडी लेबलाचा फोटो अगदी जवळून काढलेला होता. लेबल न्यूयॉर्कच्या एका जुन्या कंपनीचे होते. तिचा यात काही दोष नसल्याने तिचे नाव देत नाही. किंमत ३,२०० डॉलर सांगितली होती. १,२०० क्रेडिट कार्डावर आगाऊ दिले आणि उरलेले थेट बँक खात्यातून अॅपने पाठवले तर कार्डाचे शुल्क वाचते, म्हणून ३०० ची सूट देतो, असे तो म्हणाला. आपण पुण्याचे, सूट म्हटल्यावर पुढचा विचार झाला नाही.

गालिचा आला त्या दिवशी सासूबाई आमच्याकडेच होत्या. गुंडाळी उलगडल्यावर मी रंग पाहत राहिले आणि त्या मात्र खाली बसून म्हणाल्या, "अगं, याला नव्या स्लिपरचा वास येतोय." मी ते हसण्यावारी नेले. गुंडाळून ठेवल्यामुळे येत असेल, दोन दिवसांत जाईल, असे मी त्यांना समजावले. तो वास नाताळपर्यंत गेला नाही, आणि उन्हाचा कवडसा पडला की उलट वाढायचा.

जानेवारीत त्यावर पाणी सांडले आणि एका पांढऱ्या रेघेवर पिवळट डाग उठला, तेव्हा इंडियानापोलिसमधल्या, गालिचे धुण्या-दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेल्या एका वृद्ध गृहस्थांकडे मी तो घेऊन गेले. त्यांनी गालिचा सरळ अंथरलाच नाही. आधी उलटा टाकला. साठ-पासष्ट वर्षांत लेटेक्सचा थर कडक होऊन तडकतो, गालिचा दुमडला की कुरकुरतो आणि खाली पिठासारखा भुगा पडतो. आमचा रबराच्या चटईसारखा मऊ वळत होता. मग त्यांनी कडेचा एक पिवळा धागा ओढून पेटवला: जळक्या केसांचा वास आला, ज्योत आपोआप विझली आणि काळी राख चिमटीत चुरडली. ती लोकर होती. पांढरा चमकदार धागा मात्र कागदासारखा भुर्रकन जळून गेला. तो व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला रेशमासारखा कृत्रिम धागा, निघाला. पाणी लागले की पिवळा पडतो तो हाच धागा. रंगांबद्दल त्यांचे म्हणणे असे की घरात अंथरलेला गालिचा कधीच सारखा विटत नाही. खिडकीकडची बाजू जास्त उडते, सोफ्याखालची गडद राहते, पायांच्या जागी लव दबते. आमचा गालिचा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच चहात बुडवून काढल्यासारखा फिका होता.

शेवटी त्यांनी माझी परवानगी घेऊन पाठीच्या कापडाचा एक कोपरा वीतभर उसवला. आधी तिथे लेबलाच्या शिवणीशेजारी दुसऱ्या शिवणीची रिकामी भोके दिसली. आयात मालावर मूळ देशाचे नाव असणे इथल्या १९३० च्या कायद्याने बंधनकारक आहे. ते देशाच्या नावाचे लेबल कोणीतरी उसवून काढलेले होते. कापडाखाली लेटेक्सच्या पातळ थरातून मूळ सुती कापडावरची नक्षीची निळी रेघ दिसत होती, आणि त्या रेघेच्या आत, कारागिराने स्वतःसाठी केलेल्या खुणेसारखे, देवनागरीत लिहिले होते: "पीला ४". त्या गृहस्थांना ती नक्षीच वाटली. त्यांनी भिंगातून पाहून मला विचारले, हे काय असावे बरे? ते वाचून दाखवताना मला अक्षरशः मेल्याहून मेल्यासारखे झाले.

खरे म्हणजे मला इंडियानापोलिसला जाण्याचीही गरज नव्हती. घरी येऊन लेबलाचा तो जवळून काढलेला फोटो पुन्हा उघडला. पत्ता होता न्यूयॉर्क, एनवाय १००२२. अमेरिकेत पाच आकडी झिप कोड १ जुलै १९६३ रोजी सुरू झाले, आणि राज्यांची दोन अक्षरी नावेही त्याच वर्षीची. १९५७ च्या लेबलावर हाच पत्ता "न्यूयॉर्क २२, एन. वाय." असा असायला हवा होता. आपल्याकडे श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेले पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला लागू झाले. साठ सालच्या पाकिटावर कोणी सहा आकडी पिन दाखवला असता, तर मीच त्याला हसले असते. विक्रेत्याने सर्वांत ठळक फोटो ज्या वस्तूचा दिला, तिनेच त्याला उघडे पाडले होते, आणि मी तो फोटो तीन महिने मैत्रिणींना कौतुकाने दाखवत होते.

मी तक्रार कळवल्यावर आलेले विक्रेत्याचे उत्तर नम्रच होते. जाहिरातीतले 'मिड-सेंच्युरी मॉडर्न' (विसाव्या शतकाच्या मध्यातले आधुनिक) हे शैलीचे नाव आहे, सालाचे नव्हे, आणि 'व्हिंटेज' या शब्दाची कायद्यात व्याख्या नाही, असे त्याने कळवले. शब्दांपुरते ते खोटे नाही. 'मिड-सेंच्युरी मॉडर्न' हे नावदेखील १९८४ नंतर रूढ झालेले आहे, आणि त्या नावाखाली आज सकाळी तयार झालेला गालिचाही विकता येतो. त्यामुळे जाहिरातीत निव्वळ शैलीचे नाव असेल, तर साल, धागा आणि तयार झाल्याचे ठिकाण या तिन्ही गोष्टी लेखी मागून घ्याव्यात. माझ्या बाबतीत "सुमारे १९५७" आणि "शंभर टक्के लोकर" हे शब्द जाहिरातीत होते, आणि माझी तक्रार पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी ते तिथून गेले. खरेदीच्या वेळी यजमानांनी सवयीने संपूर्ण जाहिरातीचे स्क्रीनशॉट काढून ठेवले होते, म्हणूनच आम्ही तरलो. इथल्या १९७४ च्या कायद्याप्रमाणे कार्डाच्या व्यवहाराबद्दल, तो ज्या बिलात येतो ते पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत लेखी तक्रार करायची असते. आमची मुदत उलटून गेली होती, तरी बँकेने स्क्रीनशॉट आणि त्या वृद्ध गृहस्थांचे लेखी मत पाहून स्वतःच्या नियमांत ती स्वीकारली आणि १,२०० डॉलर परत मिळवून दिले. अॅपने गेलेल्या १,७०० बद्दल दुसऱ्या बँकेने दोन ओळींत कळवले की ती रक्कम आपण स्वतःच्या संमतीने पाठवलेली आहे. राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे दिलेली तक्रार अजून प्रलंबित आहे.

गालिचा परत नेण्याची व्यवस्था विक्रेत्याने केली नाही, त्यामुळे तो तळघरात मुलांच्या खेळण्याच्या जागी अंथरला आहे. वस्तू म्हणून तो वाईट नाही. ज्याने तो केला त्याचा हात सफाईदार आहे, आणि ३००-४०० डॉलरना नवा म्हणून मिळाला असता तर मी आनंदाने घेतला असता. मैत्रिणीने गेल्या आठवड्यात पाठवलेल्या फोटोंत त्याच विक्रेत्याचा आणखी एक गालिचा होता, हिरव्या रंगाचा, तीच लाकडी जमीन, तोच कोपऱ्यातला जवळून काढलेला फोटो. या वेळी साल दिले आहे सुमारे १९६२, आणि लेबलावरचा पत्ता अजूनही १००२२ चाच आहे.