आठ महिन्यांनी कळलेले स्टिकरवरचे शब्द

गेल्या दिवाळीच्या तोंडावर घेतलेल्या लॅपटॉपला आता आषाढीच्या सुमारास आठ महिने होतील. बिलावर ‘लॅपटॉप’ हा शब्द कुठेच नव्हता. ‘नोटबुक, १ नग’ एवढंच. सासऱ्यांनी चष्मा वर सरकवून बिल वाचलं आणि म्हणाले, “सत्तेचाळीस हजारांची वही? आणि तीपण एकच?” तेव्हापासून घरात त्याचं नाव ‘वही’च पडलंय.

मी बार्शीला हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. प्रश्नपत्रिका, एक्सेलमधली निकालपत्रकं, शासनाच्या पोर्टलवर माहिती भरणं आणि रात्री मुलाचे अकरावीचे व्हिडिओ, एवढा वापर. गेम नाहीत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते या किमतीच्या कुठल्याही मशीनला लागू पडेल. दुकानातल्या मुलाने स्टिकरवरचे पाच शब्द दहा वेळा ऐकवले: आय-५, आठ जीबी रॅम, पाचशे बारा एसएसडी, फुल एचडी, विंडोज ११. मीही मान डोलावली. एमएस-सीआयटीला रॅमचा फुल फॉर्म पाठ केला होता ना! फुल फॉर्म येत होता, अर्थ आता या आठ महिन्यांत आला. आणि मला रोज ज्या गोष्टींनी छळलं त्यातली बहुतेक त्या स्टिकरवर नव्हतीच.

पहिला धक्का पहिल्याच संध्याकाळी. ५१२ म्हणून घेतलं आणि ‘धिस पीसी’ उघडून सी आणि डी मिळून बेरीज केली तर ४७६. फसवलं, असंच वाटलं. दुकानात फोन केला तर उत्तर आलं, “मॅडम, बाकीचं विंडोज खातं.” हे चूक आहे. विंडोज जे खातं ते या ४७६ मधून वेगळं खातं. कारखानदार एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात, हजाराच्या हिशेबाने. विंडोज तिथे १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४ करतं. ५१२ अब्जाला त्या आकड्याने भागा, ४७६ येतात. ६४चा पेनड्राइव्ह ५९च्या आसपास दिसतो तोही याच कारणाने. म्हणजे दुकानदाराने मापात मारलं नव्हतं, मापं दोन आहेत. मनातल्या मनात त्याची माफी मागितली. पुढे एका वेगळ्या कारणासाठी ती परत घेतली, ते खाली येईलच.

जानेवारीत मशीन अडखळायला लागलं. वर्ड, एक्सेल, पोर्टलच्या चार-पाच टॅब आणि त्यात व्हिडिओ मीटिंग सुरू केली की माउसचा बाण उड्या मारायचा. स्टाफरूममध्ये सल्ला मिळाला, “मेमरी फुल झाली असेल, फोटो उडवा.” मी स्नेहसंमेलनाचे सगळे फोटो उडवले, वर रिसायकल बिनही रिकामा केला. काडीचाही फरक पडला नाही आणि फोटो गेले ते गेलेच. आपल्याकडे मोबाइलमुळे ‘मेमरी’ हा शब्द फोटो साठवण्याच्या जागेला चिकटलाय. फोटो असतात ते स्टोरेज, म्हणजे माझी एसएसडी, आणि ती निम्मी रिकामी होती. भरत होती ती रॅम. दहावीचे पेपर तपासताना मी सगळे गठ्ठे कपाटात ठेवते आणि एका वेळी दोनच सतरंजीवर सोडते. रॅम ही ती सतरंजी. कपाट रिकामं करून सतरंजी मोठी होत नाही.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘मेमरी’चा आकडा बघा. माझा काही न उघडताच पन्नास टक्क्यांच्या आसपास असायचा आणि मीटिंगमध्ये ९२. शिवाय आठ जीबीपैकी थोडा भाग चित्र दाखवायला जातो, कारण या मशिनांत वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं. पडद्याचं काम रॅममधूनच भागवलं जातं. रॅम भरली की विंडोज काही माल तात्पुरता एसएसडीवर नेऊन टाकतं आणि लागला की परत आणतं. एसएसडी कितीही चपळ असली तरी रॅमच्या मानाने संथच, म्हणून ते अडखळणं.

उपाय एकच, रॅम वाढवणं. इथे दुकानात कुणी न सांगितलेला शब्द आला: ‘ऑनबोर्ड’. म्हणजे रॅम मदरबोर्डवर, मशीनच्या आतल्या मुख्य पाटीवर, कायमची डाग देऊन बसवलेली. माझ्या नशिबाने आठ जीबी ऑनबोर्ड होती आणि शेजारी एक स्लॉट, म्हणजे जास्तीची पट्टी बसवायची जागा, मोकळा होता. त्यात आणखी आठ बसवली. काही पातळ मॉडेलांत स्लॉटच नसतो, तिथे आज घेतली तेवढीच जन्मभर. आणखी एक काळजी: डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या रॅमच्या दोन पिढ्या. पहिलीच्या स्लॉटमध्ये दुसरीची पट्टी बसत नाही, दोन्ही पट्ट्यांवरची खाच वेगळ्या जागी असते. आता मीटिंगमध्ये आकडा साठच्या वर जात नाही. आठ महिन्यांत या मशीनवर केलेला सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च हाच.

आय-५ म्हणजे प्रोसेसर, मशीनचा मेंदू. त्याबद्दल थोडक्यात. त्यापुढचे बारीक अक्षरांतले आकडे वाचा. माझा १२३५यू आहे. सुरुवातीचे १२ म्हणजे बारावी पिढी, २०२२ साली आलेली. शेवटचा ‘यू’ म्हणजे वीज कमी खाणारा, १५ वॉटच्या गटातला. कोअर म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे गडी. दुकानातला मुलगा “दहा कोअर” म्हणून नाचवत होता. त्यातले दोनच दांडगे आहेत, आठ किरकोळ कामांचे. त्याच पिढीतल्या १२४५०एचमध्ये आठच कोअर, पण चार दांडगे, आणि तो ४५ वॉटचा, म्हणून तापतोही जास्त. माझ्या कामाला यू बरा. डिसेंबर २०२३ पासून या चिप बनवणाऱ्या इंटेलने बऱ्याच नव्या चिपच्या नावातला ‘आय’ काढून ‘कोअर अल्ट्रा’ आणलंय, तेव्हा दुकानात गोंधळ होणारच. इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडी, तिच्या ७००० मालिकेत तर तिसरा आकडा बघावा लागतो: ७५२० आणि ७५३० दिसायला भावंडं, पण पहिल्याची घडण एक पिढी जुनी.

बॅटरीबाबत “सहा तास जाते” असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. वॉट-अवर विचारा, म्हणजे बॅटरीत किती वीज साठते ते. माझी ४२ वॉट-अवरची आहे. नुसतं टायपिंग करताना मशीन आठेक वॉट घेतं, म्हणजे पाच तास. मीटिंग सुरू केली, ब्राइटनेस वाढवला की चौदा-पंधरा, म्हणजे तीनच्या आत. एवढ्या भागाकारावर घर चालतं. लाइट गेल्यावर किती पेपर टाइप होतील याचा माझा अंदाज आता सहसा चुकत नाही. बॅटरी झिजली किती तेही बघता येतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजला लिहून हुकूम द्यायची काळी खिडकी) पॉवर-सीएफजी इंग्रजीत सलग लिहायचं, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट हा शब्द जोडून. विंडोज एक पान तयार करून देतं. त्यातली ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे कारखान्यातून निघतानाची ताकद आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आजची. माझी आठ महिन्यांत ९३ टक्क्यांवर आलीय. तक्रार नाही. (विमानात शंभर वॉट-अवरपर्यंतची बॅटरी वेगळ्या परवानगीशिवाय नेता येते, हे भाच्याला अमेरिकेला जाताना उपयोगी पडलं. आम्ही एसटीवाले.)

एसटीवरून आठवलं. सोलापूरला प्रशिक्षणाला जाताना मी झाकण मिटून ‘वही’ बॅगेत टाकली. वाटेत बॅग मांडीला चटका देते म्हणून उघडली, तर मशीन तव्यासारखं. झाकण मिटलं की ते झोपतं, म्हणजे ‘स्लीप’. मरत नाही. रॅमला वीज चालूच असते, आणि आजकालच्या मशिनांत झोपेतही नेट आणि अपडेटची कामं मध्येच सुरू होऊ शकतात. ‘हायबरनेट’मध्ये रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवून वीज पूर्ण तोडली जाते. प्रवासाला तेच बरं. हा पर्याय पॉवरच्या सेटिंगमध्ये लपवलेला असतो, शोधून चालू करावा लागतो.

त्याहून मोठा भ्रम फुटला तो ‘शट डाउन’चा. मी रोज रात्री मशीन नेमाने बंद करते. एक दिवस प्रिंटर सापडेना, म्हणून टास्क मॅनेजर उघडून बसले होते, तर ‘अप टाइम’ दिसला १९ दिवस! रोज बंद करणारी मी, आणि हे म्हणतंय १९ दिवस जागाच आहे. याला कारण ‘फास्ट स्टार्टअप’. बंद करताना विंडोज आपला गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तोच उचलून लावतं, म्हणून चटकन सुरू होतं. पण गाभ्यात काही अडकलेलं असलं तर तेही जसंच्या तसं परत येतं. ‘रीस्टार्ट’ केलं की मात्र सगळं नव्याने. म्हणजे बंद करून चालू करणं आणि रीस्टार्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवल म्हणजे जास्त ‘बंद’ होतं ते रीस्टार्टमध्ये. प्रिंटर एका रीस्टार्टमध्ये सापडला. आता दर शनिवारी शाळा सुटली की एकदा रीस्टार्ट.

आता ती परत घेतलेली माफी. मार्चमध्ये बायोसचा अपडेट आला. बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम. अपडेट झाला आणि निळा पडदा आला: ‘बिटलॉकर’ची ४८ आकडी किल्ली टाका. मी जन्मात कुठलंही कुलूप लावलं नव्हतं. पण विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा साइन इन केलं की बऱ्याच मशिनांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते, अगदी होम आवृत्तीतही. मशीन चोरीला गेलं तर कुणाला आतली माहिती वाचता येऊ नये म्हणून. किल्ली त्या खात्यात जमा असते. आणि ते खातं कुणाचं? दुकानातल्या मुलाने घाईत बनवलेलं, त्याच्याच मनाने ठेवलेल्या नावाचं! नववीचा निकाल आत, किल्ली नाही. दोन दिवस झोप उडाली. तिसऱ्या दिवशी त्याच्या वहीत (खऱ्या कागदी वहीत) पासवर्ड सापडला, खातं उघडलं, किल्ली मिळाली. माझं सांगणं ऐका: मशीन पहिल्यांदा सुरू होताना तुमचाच ईमेल टाका, आणि ते ४८ आकडे कागदावर उतरवून रेशनकार्डाच्या फाइलीत ठेवा.

मराठीचा अनुभव वेगळा सांगायला हवा. माझ्या जुन्या पीसीवरच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका इथे उघडल्या तर पानभर इंग्रजी अक्षरांची खिचडी. त्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये होत्या. त्या फॉन्टमध्ये फाइलीत प्रत्यक्ष इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना फक्त मराठीचं सोंग देतो. फॉन्ट नसला की सोंग उतरतं. युनिकोडमध्ये ‘क’ला त्याचा स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून तो मोबाइलवर, मेलमध्ये, कुठेही ‘क’च राहतो. लोक “मला मराठी फॉन्ट टाकून द्या” म्हणतात तेव्हा त्यांना बहुतेक वेळा कीबोर्ड हवा असतो. फॉन्ट म्हणजे अक्षराचं रूप, कीबोर्ड लेआउट म्हणजे कुठली कळ दाबल्यावर काय उमटतं ते. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही आयते असतात, सेटिंगमध्ये भाषा जोडली की झालं. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. आठवडाभर बोटं रडली, नंतर फोनेटिककडे परतले नाही. ‘दुसऱ्या’मधला ऱ शिफ्ट आणि जे दाबून मिळतो, हे कळल्यावर ‘दुसर्या’ लिहिणाऱ्या सहकाऱ्यांना मी गाठून गाठून दाखवलं.

बाकी भराभर. टाइप-सी खाच आहे, पण ती फक्त फाइली ने-आण करणारी. तिच्यातून चार्जिंग होत नाही, टीव्हीवर चित्रही जात नाही. खाच सारखी, आतली कामं वेगळी. शाळेचा प्रोजेक्टर जुन्या व्हीजीए पिनेचा, म्हणून एचडीएमआयचा कन्व्हर्टर जास्तीचा घ्यावा लागला. पडदा फुल एचडी असला तरी उजेड २५० निट्सचाच (निट्स हे पडद्याच्या उजेडाचं माप), खिडकीपाशी बसलं की माझाच चेहरा दिसतो. कॅमेरा बंद पडला म्हणून एकदा तासभर ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारे प्रोग्राम, शोधले, वर एक बारीक झाकण सरकवायचं होतं. एप्रिलमध्ये पंखा घरघरायचा. हवा खालून आत जाते, गादीवर ठेवलं की भोकं बुजतात. देवघरातला एक पाट काढून दिलाय, त्यावर थंड असतं. लॅपटॉप मांडीवर कमी आणि पाटावर जास्त.

वॉरंटी एक वर्षाची आणि ‘कॅरी-इन’, म्हणजे माणूस घरी येणार नाही, आपणच सोलापूरला न्यायचं. ‘ऑनसाइट’ असती तर घरी आला असता. थोडे पैसे भरून घेता आली असती, पण हा शब्दही तेव्हा कुणी उच्चारला नाही. डावी बिजागरी महिनाभरापासून कुरकुरतेय. वारीची गर्दी ओसरली की घेऊन जाणार आहे. काय म्हणतात ते नंतर लिहीन.