सहा टक्के राखेचा कागद

आमचं इचलकरंजीत सायझिंग आहे, म्हणजे विणण्याआधी सुताला खळ लावायचा कारखाना. वाफ लागते ती खळ शिजवायला आणि सुताला खळ लागली की सिलिंडरवर वाळवायला. बॉयलर अडला की बीम, म्हणजे सूत गुंडाळायचे रूळ, अडले. मागच्या दिवाळीच्या तोंडावर दगडी कोळसा परवडेना, म्हणून पांढऱ्या कोळशाचा, म्हणजे भुसा-टरफलं दाबून केलेल्या कांड्यांचा, नवा पुरवठादार धरला.

गडी बोलायला गोड. "दादा, निव्वळ लाकडाचा भुसा आणि शेंगांची टरफलं. राख सहा टक्क्यांच्या वर गेली तर गाडी परत पाठवा." सोबत लॅबचा रिपोर्ट. पहिल्या दोन गाड्या खरंच सुरेख जळल्या, राख पिठासारखी मऊ, झाडली की खाली. मग तो म्हणाला, हंगामात भाव वाढणार, आत्ताच आगाऊ द्या. दिले दोन लाख. व्यवहार कळतो म्हणवणाऱ्या माणसाने केलेला गाढवपणा, दुसरं काय.

तिसऱ्या गाडीनंतर एका पहाटे चारला फायरमनचा, म्हणजे भट्टी सांभाळणाऱ्याचा, फोन: "मालक, जाळीवर दगड धरलाय, पहार आत जाईना."

गेलो. भट्टीचं दार उघडलं तर जाळीची भोकं बुजलेली आणि वर थाळीएवढी ढेप. गार झाल्यावर हातात घेतली. काळपट हिरवी, वरून बाटलीच्या काचेसारखी चकचकीत, फोडली तर आत बुडबुड्यांची भोकं. खालून हवा मिळेना, धूर काळा, प्रेशर निम्म्यावर. सूत ओलंच बीमवर गेलं आणि एकमेकाला चिकटलं.

पुरवठादार फोनवर म्हणाला, "तुमचा फायरमन नवा आहे का? ड्राफ्ट बघा." म्हणजे भट्टीतली हवेची ओढ. आणि मी पंधरा दिवस त्या बिचाऱ्यालाच बोलत राहिलो. आजही त्याच्यासमोर मान वर होत नाही.

शेवटी ओळखीच्या एका बॉयलरवाल्याने सांगितलं, चार कांड्या बादलीत टाक आणि पाणी ओत. दहा मिनिटांत कांड्या फुगून सुटल्या. वर तरंगला तो उसाच्या पाचटाचा चुरा. पाणी हळूच ओतून टाकलं तर तळाला दोन बोटं माती आणि वाळू.

दगडाचं कोडं तिथेच सुटलं. पाचटात पोटॅशियम भरपूर, क्लोरीनही. मातीत सिलिका, म्हणजे वाळू जिची असते ते द्रव्य. नुसती वाळू वितळायला १७०० अंशांच्या वर जावं लागतं, पण पोटॅशियमसोबत ती साडेसातशे-आठशेलाच पाघळायला लागते. काच करणारे वाळूत खार घालतात तो याचसाठी. आमच्या जाळीवर हजार अंश सहज होतात, म्हणजे मी बॉयलरमध्ये फुकट काचेचा कारखाना चालवत होतो. शिवाय पोटॅशियम क्लोराइड वाफ होऊन वर जातं आणि ट्यूबवर चिकट थर धरतं. तो थर पत्रा खातो, ते वेगळंच.

राख किती, एवढंच मी विचारलं होतं. कशी, हे विचारलंच नाही. भाताच्या तुसात पंधरा-वीस टक्के राख असते, पण ती जवळजवळ सगळी सिलिका असते आणि सहसा मोकळी पडते. पाचटात राख त्याहून कमी, पण तीच जाळी धरते.

रिपोर्ट मग नीट वाचला. खोटा नव्हता. खाली बारीक अक्षरात होतं: नमुना पार्टीने आणून दिलेला, म्हणजे पुरवठादाराने स्वतःच निवडलेला. शिवाय राख कोळशाच्या पद्धतीने ८१५ अंशांवर काढलेली. जैवइंधनाची ५५० वर काढतात, कारण जास्त तापमानात क्षार उडून जातात आणि आकडा कमी दिसतो. राख कितीला मऊ पडते, याचा त्यात शब्दही नव्हता.

आता नमुना मीच काढतो, गाडी निम्मी रिकामी झाल्यावर मधल्या थरातून. वरच्या पोत्यांत नेहमीच चांगला माल असतो. बादली गेटवरच ठेवलेली असते. ऑर्डरवर लिहून घेतो: राख ५५० ला, राखेचं मऊ पडण्याचं तापमान, पाचट नको, पैसे गाडी जळल्यावर. निम्मे पुरवठादार हे वाचूनच परत जातात.

दोन लाखांपैकी पस्तीस हजार आले. बाकीचे "पुढच्या सोमवारी" येणार आहेत, होळीपासून. फायरमनने ती ढेप जपून ठेवली आहे, ऑफिसच्या दाराला अडसर म्हणून.