पोस्टर छपाई एक नंबर, फक्त 'फ्री डिझाइन चेक'ला नाही म्हणा (बडोदा)

फतेहगंजातल्या एका प्रिंटवाल्याकडे सेमिनारचं पोस्टर छापलं, नाव घेत नाही कारण माणसं चांगली आहेत आणि तक्रार एकच आहे.

छपाईला खरंच तोड नाही. ए-झिरो साइज, मॅट पेपर, कोपऱ्यातली डीएनएची बारीक एटीजीसी अक्षरंसुद्धा सुटी सुटी दिसतात, रंग फाइलमध्ये होता तोच येतो. ग्लॉसी मात्र घेऊ नका, हॉलमधल्या ट्यूबलाइटी त्यात चमकतात आणि समोरच्याला काही वाचता येत नाही.

आता ते फ्री डिझाइन चेक. माझा विषय सी अर्चिनमधले (काटेरी गोळ्यासारखा समुद्री जीव) यू1 आणि यू2 आरएनएचे जीन्स. हे छोटे आरएनए पेशीच्या न्यूक्लियसमध्ये स्प्लायसिंगचं काम करतात, म्हणजे जीनच्या आरएनए नकलेतले मधले नको असलेले तुकडे (इंट्रॉन) काढून बाकीचे जोडायचे; यू1 इंट्रॉनची सुरुवात ओळखतो, यू2 इंट्रॉनच्या आतल्या ब्रँच पॉइंट नावाच्या जागेला चिकटतो. सी अर्चिनमध्ये गंमत अशी की यांचे जीन्स एकामागे एक रांगेत असतात, जीन मग स्पेसर (दोन जीन्समधला डीएनए), परत तोच जीन परत तसाच स्पेसर, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, आणि जीन जेमतेम दीडदोनशे अक्षरांचा पण स्पेसर त्याहून कितीतरी लांब. पोस्टरच्या मधोमध हीच बाणांची रांग होती. कॉम्प्युटरवरचा भाई म्हणे, "बेन, आ बधुं तो एक ज छे, कॉपी-पेस्टमां भूल थई लागे छे" (हे सगळं तर एकच आहे, कॉपी-पेस्टमध्ये चूक झालेली दिसते), आणि मी चहा घेऊन येईपर्यंत एकच बाण ठेवून बाकीचे डिलीट, वर तो एक मोठा करून सेंटरला! दिसत छान होतं हो, पण विषयच गेला ना.

त्याला तरी काय बोलणार, छोट्या रीड्सवरून (मशीनने वाचलेले डीएनएचे तुकडे) जीनोम जोडणारी सॉफ्टवेअरही हेच करतात, सारख्या कॉप्या दिसल्या की एकावर एक दाबून एकच दाखवतात, म्हणून तर लांब रीड्स लागतात.

जास्त राग जेलच्या फोटोचा आला (जेलमध्ये डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होऊन पट्टे म्हणजे बँड दिसतात). प्रत्येक युनिटमध्ये (एक जीन आणि त्याचा स्पेसर) डीएनए एकदाच कापणारं एन्झाइम पूर्ण चालू दिलं तर एकच जाड बँड येतो, अर्धवट थांबवलं तर एक युनिट, दोन युनिट, तीन युनिट अशी शिडी दिसते, आणि जीन्स रांगेत आहेत याचा पुरावा ती शिडीच. यांनी ऑटो-कॉन्ट्रास्ट मारला, वरच्या फिक्या पायऱ्या गायब!

तर पीडीएफच द्या, 'काही बदलू नका' हे गुजरातीत सांगा आणि आधी ए-फोरवर प्रूफ मागा, लगेच काढून देतात. दुसऱ्या प्रिंटचे अर्धेच पैसे घेतले आणि ट्यूब फुकट दिली, म्हणून चार स्टार. दुपारी जाऊ नका, जेवायला शटर अर्धं खाली असतं.