५९९ रुपयांचं २ टीबी कार्ड, आत निघतात ३२ जीबी

जाहिरात साधारण अशी असते: '२ टीबी मेमरी कार्ड, एमआरपी ४,९९९, आज फक्त ५९९', वर अ‍ॅडॅप्टर फुकट. कार्ड घरी येतं, फोनमध्ये बसतं, सेटिंगमध्ये स्टोरेज उघडलं की खरोखरच २ टीबी दिसतात. हौसेने शंभर-दोनशे फोटो टाकून बघितले जातात, ते नीट उघडतात आणि माणूस खूश होऊन पाच स्टार देऊन मोकळा होतो. खरा तोटा अजून झालेलाच नसतो. तो होतो कार्डात तीसेक जीबी भरल्यावर, आणि तोवर माल परत करायची मुदत केव्हाच उलटलेली असते. या धंद्याचं सगळं गणित या उशिरावर बसवलेलं आहे.

मुळात कार्डाची क्षमता संगणक मोजतच नाही, तो कार्डालाच विचारतो. प्रत्येक मेमरी कार्डात आणि पेनड्राइव्हमध्ये साठवणाऱ्या चिपखेरीज एक छोटा कंट्रोलर असतो. त्यातलं फर्मवेअर, म्हणजे कंट्रोलरच्या आतलं सॉफ्टवेअर, जो आकडा सांगेल तो विंडोज, अँड्रॉइड, टीव्ही, कॅमेरा सगळे निमूट मान्य करतात. नकली माल बनवणारे नेमकं हे फर्मवेअर बदलतात. आत चिप ८, १६ किंवा ३२ जीबीची, तीही बऱ्याचदा हलक्या प्रतीची, आणि कार्ड सांगतं २ टीबी.

खरी जागा संपल्यावर पुढे काय होतं, याचे दोन प्रकार. पहिल्यात कार्ड जास्तीचा डेटा 'घेतला' म्हणतं आणि सरळ टाकून देतं. दुसरा जास्त वाईट. लॉजच्या रजिस्टरात शंभर खोल्या आणि प्रत्यक्षात चारच असाव्यात, आणि पाचवा पाहुणा आला की मालकाने पहिल्याला गुपचूप बाहेर काढावं, तसं नवा डेटा जुन्या डेटावर जाऊन बसतो. म्हणजे आज टाकलेला पिक्चर गेल्या वर्षीच्या बारशाचे फोटो पुसतो. दोन्ही प्रकारांत फाइलींची यादी मात्र कार्डाच्या सुरुवातीच्या भागात असते आणि तो भाग सहसा शाबूत राहतो. त्यामुळे नाव दिसतं, तारीख दिसते, साइझ दिसते. आतला मजकूर तेवढा नसतो.

फोनवर हे आणखी फसवं दिसतं. गॅलरीत दिसणारी छोटी चित्रं फोन स्वतःच्या मेमरीत वेगळी साठवून ठेवतो, म्हणून वरवर पाहता सगळे फोटो जागेवर असतात. एखाद्यावर बोट ठेवलं की काळी चौकट येते, किंवा वरचा अर्धा फोटो ठीक आणि खालचा अर्धा सपाट राखाडी. व्हिडिओ 'फाइल सपोर्टेड नाही' म्हणतो. लोक मग प्लेअर बदलून बघतात, फोनला व्हायरस लागला म्हणतात, दुकानदार 'फॉरमॅट मारा, चालेल' असा सल्ला देतो. फॉरमॅट मारल्यावर कार्ड पुन्हा तीस जीबीपर्यंत छान चालतं, आणि सल्ला बरोबर होता असं वाटतं.

फॉरमॅटने काहीच सिद्ध होत नाही, हे जरा नीट समजून घ्यायला हवं. क्विक फॉरमॅट फक्त फाइलींची यादी नव्याने बनवतो. विंडोजचा पूर्ण फॉरमॅट तासन्‌तास चालतो खरा, पण तो सगळीकडे शून्यंच लिहितो. एकाच जागेवर पन्नास वेळा शून्य लिहिलं तरी वाचताना शून्यच मिळणार, त्यामुळे नकली कार्ड या परीक्षेत आरामात पास होतं. खरी तपासणी करायची तर प्रत्येक जागी वेगळा डेटा लिहायचा, सगळं कार्ड भरून झाल्यावर तो परत वाचायचा आणि ताडून बघायचा.

हेच काम करणारी फुकट सॉफ्टवेअर आहेत. विंडोजसाठी सगळ्यात जुनं आणि भरवशाचं म्हणजे एचटूटेस्टडब्ल्यू, जर्मनीच्या सीटी या संगणक मासिकाने दिलेलं. इन्स्टॉल करावं लागत नाही. उघडल्यावर भाषा इंग्रजी करा, टार्गेटमध्ये कार्ड निवडा, 'ऑल अव्हेलेबल स्पेस' तसंच ठेवा आणि 'राइट प्लस व्हेरिफाय' दाबा. कार्ड त्याआधी पूर्ण रिकामं हवं. थोडा डेटा असेल तर तेवढी जागा तपासली जात नाही, आणि कार्ड दुसऱ्या प्रकारचं नकली निघालं तर तो डेटाही जातो. सुरुवातीला 'इतक्या एमबीपैकी इतकेच तपासले जातील' अशी सूचना येते आणि दोन आकड्यांत किरकोळ फरक असतो. तिकडे दुर्लक्ष करा. शेवटी 'टेस्ट फिनिश्ड विदाउट एरर्स' आलं तर कार्ड खरं. लाल अक्षरांत 'डेटा लॉस्ट' आलं तर त्याच्या वरच्या ओळीत 'ओके' म्हणून किती जीबी दिलेत ते बघा. कार्डाची खरी लायकी तेवढीच. चाचणीत तयार झालेल्या एकेक जीबीच्या फाइली नंतर पुसून टाकायच्या.

वेळ किती लागेल ते आधी मोजून घ्या. कार्ड सेकंदाला २० एमबी लिहित असेल तर ६४ जीबी भरायला सुमारे ५३ मिनिटं लागतात, १ टीबीला जवळपास १४ तास. वाचायचा वेळ वेगळा. लॅपटॉप चार्जरवर ठेवा, झोपेची सेटिंग बंद करा, रात्री लावून द्या. एवढा धीर नसेल तर व्हॅलिड्राइव्ह वापरा. ते विंडोजवर चालतं, यूएसबीला लावलेल्या ड्राइव्हवर ५७६ ठिकाणी लिहून-वाचून बघतं आणि रंगीत चौकटींचा नकाशा दाखवतं. सुरुवातीला थोडा हिरवा पट्टा आणि पुढे सगळं लाल, असं चित्र आलं की निकाल लागला. लिनक्स आणि मॅकवाल्यांसाठी एफ-थ्री आहे. लिनक्सवर त्याचाच एक भाग काही मिनिटांत खरी क्षमता सांगतो, मात्र तो चालवताना कार्डातला डेटा गेला असंच धरून चाला.

एक गोष्ट मात्र फसवणूक नव्हे. ६४ जीबीचं कार्ड विंडोजमध्ये ५९ च्या आसपास, १२८ चं ११९ आणि १ टीबीचं ९३१ जीबी दिसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या, एवढाच तो फरक. यावरून दुकानदाराशी भांडू नका. उलट काही नकली कार्डं आकडा अगदी गुळगुळीत दाखवतात, तेव्हा संशय घ्यावा.

कार्डावरच्या खुणा वाचता आल्या तर अर्धा माल न घेताच ओळखू येतो. 'एचसी' ही खूण ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांना असते, त्यापुढे २ टीबीपर्यंत 'एक्ससी'. कार्डावर १२८ जीबी छापलंय आणि शेजारी 'एचसी' आहे, तर छापणाऱ्याला स्वतःचा माल कळलेला नाही. 'व्ही ३०' किंवा इंग्रजी यू अक्षरातला ३ म्हणजे सलग लिहिताना सेकंदाला किमान ३० एमबी, आणि क्लास १० म्हणजे १० एमबी. फोर के व्हिडिओच्या नावाने विकलेल्या कार्डावर नुसतंच क्लास १० असेल तर ते कार्ड त्या कामाचं नाही. पाकीटही उलटून बघा. आयात केलेल्या वस्तूवर आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी, मूळ देश आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं भारतात बंधनकारक आहे. नकली मालाच्या पाकिटावर बहुधा यातलं निम्मं नसतं. आणि किंमत? नावाजलेल्या कंपनीचं १२८ जीबीचं कार्ड ज्या भावाला मिळतं त्याहून कमी पैशांत २ टीबी कुणी देत असेल तर तपासायलाही थांबू नका.

'१६ टीबी पोर्टेबल एसएसडी' (एसएसडी म्हणजे चिपवर डेटा साठवणारा वेगवान ड्राइव्ह) हा याच धंद्याचा मोठा भाऊ. धातूचं देखणं कवच, टाइप-सी सॉकेट, हातात बऱ्यापैकी वजन. उघडला तर आत कार्ड रीडरचा छोटा बोर्ड, त्यात खोचलेलं एखादं मायक्रोएसडी कार्ड, वर गरम गोंदाचा थर आणि कधीकधी वजनासाठी चिकटवलेला लोखंडाचा तुकडा. नामांकित कंपन्यांचे खिशात मावणारे एसएसडी ८ टीबीच्या आसपास थांबतात आणि त्यांची किंमत निदान पाच आकडी असते. वेगावरून हा प्रकार पाच मिनिटांत कळतो. यूएसबी ३ ला लावलेला खरा एसएसडी मोठी फाइल सेकंदाला ४०० एमबीच्या पुढे नेतो, हा डबा यूएसबी २ च्या ३०-४० वर अडकतो. क्रिस्टलडिस्कइन्फो या ड्राइव्ह तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये खऱ्या एसएसडीची तब्येत, तापमान, चाललेले तास दिसतात, याचं तिथे बहुतेक वेळा नावही येत नाही. काही खऱ्या ड्राइव्हचे कंट्रोलरही ही माहिती पुढे देत नाहीत, म्हणून एवढ्यावरच निकाल देऊ नका.

गेमवाल्यांचं नुकसान थोडं वेगळ्या वाटेने होतं. निन्टेंडो स्विचमध्ये नकली कार्ड घातलं की सुरुवातीचे एक-दोन गेम चालतात, नंतर 'करप्ट डेटा' म्हणत पुन्हा डाऊनलोड मागतात, आणि लोक कन्सोल दुरुस्तीला नेतात. २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ ला तर गेमसाठी मायक्रोएसडी एक्स्प्रेस हे नव्या, वेगवान पद्धतीचं कार्डच लागतं. जुन्या पद्धतीच्या कार्डावरून त्यात फक्त स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ घेता येतात. एक्स्प्रेस कार्डाच्या पाठीमागे पिनांच्या दोन ओळी असतात. एकच ओळ असेल तर दुकानदार काहीही म्हणो, ते कार्ड स्विच २ च्या गेमसाठी नाही. 'दहा हजार गेम' असलेल्या हातातल्या रेट्रो कन्सोलसोबत येणारं बिननावाचं कार्ड पुष्कळदा खरं ६४ जीबीच असतं, पण इतकं हलकं की काही महिन्यांत मरतं आणि सेव्ह केलेले गेम घेऊन जातं. कन्सोल आल्याच्या दिवशी त्या कार्डाची पूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढून चांगल्या कार्डावर चढवा.

मला विचाराल तर सगळ्यात घातक वापर म्हणजे घरातला वायफाय कॅमेरा आणि गाडीतला डॅशकॅम. तिथे रेकॉर्डिंग रोज कुणी बघत नाही. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत असतो, अ‍ॅपमध्ये टाइमलाइन भरलेली दिसते, आणि चोरी झाल्यावर नेमक्या त्या रात्रीचं फुटेज उघडत नाही. कॅमेऱ्यासाठी 'हाय एन्ड्युरन्स' (सतत रेकॉर्डिंग सोसणारं) लिहिलेलं कार्ड घ्या, बसवण्याआधी चाचणी करा आणि महिन्यातून एकदा आठवड्यापूर्वीची एखादी क्लिप खरोखर चालवून बघा.

कार्ड नकली निघालं आणि आत डेटा असेल तर त्यावर आणखी काहीही लिहू नका, फॉरमॅट करू नका. जे उघडतंय ते लगेच दुसरीकडे काढून घ्या. रिकव्हरीवाल्याकडे जाण्यापूर्वी हे लक्षात घ्या की खऱ्या क्षमतेपलीकडचा डेटा एक तर कधी लिहिलाच गेलेला नसतो, नाहीतर त्याने जुना डेटा कायमचा पुसलेला असतो. 'सगळं परत आणून देतो, आधी पाच हजार भरा' म्हणणारा दुसऱ्यांदा फसवतोय.

पैसे परत मिळवायचे तर पुरावा पहिल्या दिवसापासून हवा. पार्सल उघडतानाचा, पत्त्याची चिठ्ठी दिसेल असा, मध्ये न कापलेला सलग व्हिडिओ काढा. चाचणीच्या निकालाचा स्क्रीनशॉट घ्या, कार्डाच्या दोन्ही बाजूंचे आणि मागच्या बारीक क्रमांकाचे फोटो काढा. परताव्याचं कारण 'खराब' न लिहिता 'नकली, क्षमता खोटी' असं लिहा आणि बदली न मागता परतावाच मागा, कारण बदली येते तीही त्याच गठ्ठ्यातली. ई-कॉमर्स नियम २०२० नुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, जिथे पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज करता येतो. सोशल मीडियावरच्या जाहिरातीवरून ऑनलाइन पैसे भरले आणि विक्रेता गायब झाला, तर १९३० ला लगेच फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता कमी.

कंपनीचा 'कस्टमर केअर' नंबर मात्र सर्च करून शोधू नका. तिथे वरती दिसणारे बरेच नंबर भामट्यांचे असतात. ५९९ चा परतावा देतो म्हणून ते स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप टाकायला लावतात आणि खातं रिकामं करतात. तक्रार ज्या अ‍ॅपवरून ऑर्डर दिली त्याच्याच मदत विभागातून नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा, ग्राहक हेल्पलाइनवर तो मागतात.