चितारओळीची चित्रं स्वतः छापली, स्वतः विकली: वर्षभरानंतरचा अनुभव

रंगीत चित्रांचं पुस्तक काढायचं असेल आणि शे-दोनशेच प्रती हव्या असतील, तर ते ऑनलाइन ‘मागणीनुसार छपाई’वर सोडून देऊ नका. आपल्या गावातला डिजिटल प्रेस गाठा. गेल्या पोळ्यापासून मी दोन्ही वापरून पाहिलं, म्हणून इतक्या ठामपणे लिहिते आहे. कविता किंवा कादंबरी असती तर माझं मत वेगळं असतं. चित्रकारासाठी मात्र कागद आणि रंग हाच मजकूर असतो, आणि तो न बघता दुसऱ्याच्या हाती देणं मला आता पटत नाही.

माझं पुस्तक ६४ पानांचं आहे. नागपूरच्या महाल भागातल्या चितारओळीत, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीत, मूर्ती घडताना केलेली रेखाटनं, तान्ह्या पोळ्याचे (मुलांच्या पोळ्याचे) लाकडी नंदी, आणि शेवटची वीसेक पानं मारबतीची, म्हणजे पोळ्यानंतर मिरवणुकीत निघणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची: काळी, पिवळी आणि त्यांच्या मागून निघणारे बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे. सगळं काम शाई आणि जलरंगातलं.

ऑनलाइन सेवेचे फायदे खरे आहेत. आधी पैसे गुंतवावे लागत नाहीत, घरात गठ्ठे साचत नाहीत आणि एकच प्रतसुद्धा मागवता येते. पुण्याच्या मावशीने मागवली तर थेट तिच्या घरी पोचते. पण पहिली प्रत हातात आली तेव्हा काळी मारबत भुरकट, राखाडी दिसत होती आणि नंदीच्या झुलीचा राणी रंग विटका. नंतर मागवलेल्या प्रतीत तीच पानं थोडी हिरवट आली. कागदाचे पर्याय दोनच, आणि रंगाबद्दल बोलायला समोर माणूस नाही. तक्रार केली तर ‘फाइल तपासा’ एवढंच उत्तर.

फाइल मग मी सीताबर्डीच्या एका प्रेसमध्ये नेली. तिथल्या काकांनी स्क्रीनकडे पाहून लगेच सांगितलं, “ताई, नुसता काळा टाकला तं तो असाच भुरका येते. त्याच्याखाली निळा-लाल द्या थोडा.” मोठ्या काळ्या भागात १०० टक्के काळ्याखाली ४० टक्के निळा आणि ३०-३० टक्के लाल-पिवळा दिला, आणि मारबत जशी रस्त्यावर दिसते तशी कागदावर उभी राहिली. बारीक अक्षरं मात्र फक्त काळ्यातच ठेवायची. चार रंग केसभर जरी सरकले तरी अक्षराच्या कडेला रंगीत सावली पडते.

राणी रंग, पोपटी, झगझगीत केशरी हे स्क्रीनवर प्रकाशातून दिसतात. शाईच्या चार रंगांत ते पूर्ण उतरतच नाहीत. म्हणून चित्रं आधीच सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या निळा, लाल, पिवळा, काळा या चार रंगांत, बदलून पाहा आणि कुठला रंग मेला ते स्वतः ठरवून दुरुस्त करा. जलरंगाचा अगदी फिका हात छपाईत उडून जातो, तो किंचित चढवावा लागतो. मोबाइलच्या फोटोवर भागवू नका. स्कॅन ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) घ्या, छापायच्या आकारात ३०० तरी उरले पाहिजेत, आणि रंग पानाच्या कडेपर्यंत जाणार असेल तर चारही बाजूंना ३ मिलिमीटर जास्तीचं चित्र सोडा.

खर्चाचा सगळा खेळ आकारावर आहे, आणि हे कुणी आधी सांगत नाही. डिजिटल मशीनचा कागद १३ बाय १९ इंची असतो. मला चौकोनी ८ बाय ८ आवडत होतं, पण त्यात एका बाजूला दोनच पानं बसतात. ए-फाइव्ह आकारात चार बसतात. म्हणजे ६४ पानांना १६ ऐवजी ८ ताव. छपाई तावावर मोजतात, त्यामुळे आतल्या पानांचा खर्च सरळ निम्मा झाला. १३० जीएसएमचा (चौरस मीटरला १३० ग्रॅम वजनाचा) मॅट कागद, ३०० जीएसएमचं मुखपृष्ठ. चकचकीत आर्ट पेपरवर जलरंग कॅलेंडरसारखे दिसतात, तो मी पहिल्याच नमुन्यानंतर नाकारला. संपूर्ण डमी, म्हणजे नमुना प्रत, काढून बघितल्याशिवाय बाकीच्या प्रती छापायला सांगू नका.

राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत स्वतःचा लिथो (दगडावरून छपाईचा) छापखाना काढला, तेव्हा यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आणावे लागले होते. आज तेवढ्याच हट्टाने आपल्याला फक्त मशीनशेजारी उभं राहायचं आहे. कृपा करून उभे राहा.

महिने गेल्यावर जे कळलं ते बांधणीचं. गोंदाची परफेक्ट बाइंडिंग हिवाळ्यात छान होती. मे महिन्यात, नागपूरच्या ४५ अंशांत, बंद गाडीत राहिलेल्या प्रतींची पानं सुटू लागली. शिवाय या बांधणीत पुस्तक सपाट उघडत नाही. दोन पानांवर पसरलेल्या मिरवणुकीच्या चित्राचा मधला भाग घडीत जातो. पानं कमी असती तर सेंटर पिन, म्हणजे घडीवर मधोमध मारलेल्या पिना, पुरली असती. चित्रांच्या पुस्तकाला शिवण बांधणीच हवी, महाग पडली तरी.

विक्री इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅपवरून जास्त झाली. पुस्तकाच्या दुकानात ३५ ते ४० टक्के कमिशन जातं, तेव्हा किंमत ठरवताना ते आधीच धरा. पोस्टाची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा मे २०२५ पासून आहे, ती छोट्या प्रकाशकांसाठी फारच उपयोगी आहे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून दर सुरू होतात, कर वेगळा. पाकिटावर तसं लिहावं लागतं आणि पुस्तकात प्रकाशक किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं लागतं. पीडीएफही विकून पाहिली. ती विकली कमी गेली आणि फिरली जास्त, म्हणून बंद केली.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, फुकट मिळतो. शिक्षण मंत्रालयाच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडे ऑनलाइन अर्ज करायचा. स्वतः छापणाऱ्या लेखकालाही देतात. त्यासाठी मध्ये कुणाला पैसे देऊ नका. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना प्रत पाठवायची असते, तेव्हा तेवढ्या प्रती हिशेबात धरा. चित्रावरचा हक्क ते काढल्यापासून आपलाच असतो, नोंदणी सक्तीची नाही. पण ऑनलाइन सेवेच्या करारात आपण त्यांना नेमकं काय लिहून देतो ते ओळ न ओळ वाचा.

यंदा पोळ्यानंतर दुसरी आवृत्ती काढते आहे. प्रती पाचशेच्या वर जातील असं दिसतंय, म्हणून ऑफसेटचे, म्हणजे प्लेटा करून छापायच्या पद्धतीचे, दर मागवलेत: १६ पानांचे चार फर्मे (एका तावावर दोन्ही बाजूंनी छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा म्हणजे फर्मा), दर फर्म्याला दोन्ही बाजूंच्या चार-चार रंगांच्या आठ प्लेटा. नागपुरात फर्म्यांची चांगली शिवण बांधणी करणारं कुणी माहीत असेल तर जरूर कळवा.