सील, ऑर्का की समुद्री पाणमांजर: प्रकल्पासाठी कोणाचं बाळंतपण निवडाल?

सागरी सस्तन प्राण्यांचं प्रजनन आणि संगोपन असा विषय मिळाला की बहुतेकांना आधी ब्लू व्हेल आठवतो. त्याचे आकडे डोळे दिपवतात: जन्मतःच सुमारे ७ मीटर लांबीचं पिल्लू, दिवसाला ९० किलोच्या आसपास वाढणारं वजन. पण आकडे सांगून झाले की लिहायला फारसं उरत नाही, कारण त्याची प्रसूती माणसाच्या नजरेस जवळजवळ पडतच नाही. तो सोडा.

माझं मत सीलला. पिल्लं बर्फावर किंवा किनाऱ्यावर जन्मतात, त्यामुळे संशोधकांना ती तराजूत ठेवता येतात. हूडेड सीलची आई पिल्लाला जेमतेम ४ दिवस पाजते. दुधात जवळपास ६० टक्के चरबी. तेवढ्यात पिल्लाचं वजन साधारण दुप्पट होतं आणि आई चालती होते. लगेच समागमही होतो, पण नवा गर्भ काही महिने गर्भाशयात रुजतच नाही. म्हणून पुढची प्रसूतीही बरोबर त्याच हंगामात येते. शिवाय तुलना घरातल्या घरातच मिळते: एलिफंट सीलची आई सुमारे ४ आठवडे उपाशीपोटी पाजते, तर फर सीलची आई मधूनमधून समुद्रात जाऊन खाऊन येते आणि शेकडो पिल्लांतून आपलं पिल्लू आवाजावरून हुडकते.

नाती हाच गाभा ठेवायचा असेल, तर मात्र ऑर्काला, म्हणजे किलर व्हेलला, तोड नाही. गर्भारपण सुमारे १७ महिन्यांचं. उत्तर पॅसिफिकमधल्या मासेखाऊ कळपांत थोराड झालेले मुलगेही जन्मभर आईजवळच राहतात, आणि पाळी थांबलेल्या आज्या कळपाला वाट दाखवतात. २०१८ मध्ये टालेक्वा नावाच्या मादीने मेलेलं पिल्लू १७ दिवस वाहून नेलं. हा प्रसंग जरूर घ्या, पण त्यावरच सगळा निबंध उभा करू नका. मोजमापांपेक्षा हळहळच जास्त भरते.

समुद्री पाणमांजर लहान वर्गासाठी उत्तम. आई उताणी तरंगते, पिल्लू पोटावर. बुडी मारण्याआधी कधीकधी ती त्याला केल्प या लांबलचक समुद्री शेवाळाच्या पात्यांत गुंडाळून ठेवते. पिल्लाच्या लवेत इतकी हवा कोंडलेली असते की त्याला बुडी मारताच येत नाही. समागमात नर मादीचं नाक चावून रक्तबंबाळ करतो, हे लहानांना सांगायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.

बापाचा रकाना आखायची तसदी घेऊ नका. तिन्हींत तो कोराच राहील.