मोहोर बिघडला तो निसर्गामुळे की आपल्यामुळे?

देवगडात आमच्या कलमावर यंदा एकाच फांदीला सुपारीएवढी कैरी आणि शेजारी नवा मोहोर. काका म्हणतात, "निसर्गाचा फेरा आहे. दोष निम्मा त्याचा, निम्मा माणसाचा."

फेरे असतातच. सूर्याचं चक्र साधारण 11 वर्षांचं. 1991 साली फिलिपिन्समधला पिनातुबो ज्वालामुखी फुटला, तेव्हा पृथ्वी अर्ध्या अंशाच्या आसपास थंड झाली. दोन-तीन वर्षांत पूर्ववत.

माणसाचा धूर असा विरत नाही. कोळसा, डिझेल, जंगलतोड यांनी हवेतला, उष्णता धरून ठेवणारा कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत 280 भागांवरून 420 च्या वर नेला. सगळे ज्वालामुखी वर्षभरात सोडतात त्याच्या शंभरपटीहून जास्त आपण सोडतो. सूर्य मात्र गेल्या चाळीस वर्षांत वाढता तापलेला नाही. म्हणून दोष निम्मा-निम्मा वाटणं मला मुळीच पटत नाही, काका!